उजव्या गुडघ्याची फियाट

२०२३ साल. आमच्या शहराचं नाव बदललं ते वर्ष. पत्त्यात काय लिहायचं, रिक्षावाल्याला काय सांगायचं, याचा गोंधळ सगळ्यांनाच होता. मला मात्र कशाचाच गोंधळ नव्हता. माझं सगळं ठरलेलं होतं! दिवाळीआधी उजवा गुडघा बदलायचा आणि उन्हाळ्याआधी डावा. सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी करताना वॉर्डावॉर्डांतून चालून दोन्ही गुडघे माझ्याआधीच रिटायर झाले होते. त्यांच्यासाठी बँकेत दोन एफडी होत्या, दोन-दोन लाखांच्या. घरात आम्ही त्यांना नावानंच ओळखायचो. ही उजवी, ती डावी.

शिवाय मला कोणी फसवू शकत नाही, हे उस्मानपुऱ्यातल्या कोणालाही विचारा! मी कोपऱ्यावर दिसले की भाजीवाला फुकटची कोथिंबीर आधीच पिशवीत टाकून ठेवतो. वाद घालण्यात त्याचं गिऱ्हाईक जातं ना!

अशा बाईच्या घरात एक फियाट शिरली.

आमचे हे, पुंडलिकराव, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एका लग्नासाठी सिल्लोडला गेले आणि परत आले ते डोळ्यांत नवऱ्यामुलाची चमक घेऊन.

"सुलेखा, एक गाडी बघितली."

"लग्नात नवरी बघायची असते."

"बहात्तरची फियाट! कापसाच्या व्यापाऱ्याच्या गोदामामागं उभी आहे. पस्तीस हजार म्हणतो."

"चालते का?"

"उभी छान आहे."

एरवी मी तिथंच विषय संपवला असता. पण फियाट म्हटल्यावर मीही विरघळले. एक्क्याऐंशी साली आमच्या सुदर्शनच्या वेळी मला कळा सुरू झाल्या. ह्यांच्याकडे तेव्हा पोपटी स्कूटर होती. नेहमी बंद पडायची, त्या दिवशी जरा जास्तच मन लावून बंद पडली! क्रांती चौकात मी स्कूटरला धरून उभी, हे किका मारतायत, आणि शेजारी एक पांढरी फियाट थांबली. आत अनोळखी म्हातारे गृहस्थ होते. "बसा बाई," एवढंच म्हणाले. सुदर्शन दवाखान्याच्या लिफ्टमध्ये झाला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर चौकातच झाला असता, आणि आमच्या सासूबाईंनी त्याचं नाव क्रांती ठेवलं असतं! तेव्हापासून हे म्हणायचे, एक दिवस तुला आपल्या फियाटमध्ये बसवीन.

म्हणून मी परवानगी दिली. पण अटीवर! "गाडी, दुरुस्ती, सगळं मिळून साठ हजार. वर एक रुपया नाही. आणि गुडघ्यांना हात लावायचा नाही."

"तुझ्या गुडघ्यांची शपथ!" हे म्हणाले.

शपथ घेताना माणूस गुडघ्यांकडे बघतो की एफडीकडे, हे तेव्हाच तपासायला हवं होतं.

गाडी आली ती क्रेनला लटकून. तिच्यातून आधी कोंबडी उतरली आणि मग धूळ. आमच्या शेजारच्या केसरबाई कंबरेवर हात ठेवून बघत होत्या.

"काय वं सिस्टर, गाडी घेतली का कोंबडीचं खुराडं?"

"जुनी आहे, केसरबाई. अशा गाड्यांना आता लई किंमत असते."

"व्हय? मग आमच्या मालकालाबी दाखवा कुणाला. तेबी जुनंच हाय."

गाडी गल्लीच्या टोकाला इब्राहीमभाईंच्या गॅरेजमध्ये गेली. इब्राहीमभाईंनी बोनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि सरळ होऊन चष्मा पुसला. हा अभिनय मला पाठ आहे! मोठे सर्जन नातेवाइकांशी बोलण्याआधी असाच चष्मा पुसतात.

"साहब, इंजन में जान है."

"आणि बाकी?" मी विचारलं.

"बाकी में कुछ नहीं है, सिस्टर."

हे आत बसले आणि त्यांचा पाय पत्र्यातून आरपार खाली जमिनीला टेकला. गाडीत बसून चालत जाता येईल, अशी सोय होती!

त्यानंतरचे तीन महिने आमच्या घरात एकच शब्द होता, "फक्त". पत्र्याचं काम, फक्त बावीस हजार. रंग, फक्त अठरा. सीटचं रेक्झीन, फक्त नऊ. हे म्हणायचे, "साठाच्या वरचं पेन्शनमधून करतोय गं." मीही मानलं. संशय यावा असं काही नव्हतं. हां, ह्यांनी चहातली साखर सोडली होती आणि वर्तमानपत्र बंद करून केसरबाईंकडचं वाचायला लागले होते, पण ते मला तब्येतीसाठी वाटलं.

जिन्याखाली दोन पोती जमली होती. एका पोत्यातले भाग ह्यांनी रॉकेलमध्ये बुडवून, माझ्या टूथब्रशनं घासून, तेल लावून, एकेक फडक्यात गुंडाळून ठेवले होते. बाळंतिणीच्या वॉर्डात बाळं ठेवतात तसे! दुसऱ्या पोत्यात नुसतं गंजलेलं लोखंड. मातकट, काळं, एकाला तर कोळ्याचं जाळं.

सुदर्शन पुण्याहून येणार म्हणून मी घर आवरायला काढलं. हे बँकेत गेले होते. तेवढ्यात गल्लीत अफजल भंगारवाल्याची आरोळी आली. मी गंजकं पोतं ओढून बाहेर आणलं.

"अम्मा, लोहा तीस रुपये."

"छत्तीस."

"अम्मा, कायकू गरिबाला मारते! बत्तीस."

"तुझ्या काट्यावर नाही, माझ्या काट्यावर मोजायचं. आणि चौतीस!"

पस्तीस किलो भरलं. अकराशे नव्वद रुपये! अफजलनं कपाळाचा घाम पुसला. मी केसरबाईंना हाक मारून नोटा दाखवल्या. "गंजाचे पैसे करायला अक्कल लागते!" असं म्हणाले. हे वाक्य केसरबाईंनी जपून ठेवलं, आजही सणावाराला बाहेर काढतात.

त्या पैशांतून मी ताज्या, तुपातल्या इमरती आणल्या.

हे दुपारी आले. दोन इमरती खाल्ल्या. "आज काय विशेष?"

"तुमच्या गाडीनं पहिली कमाई केली," मी थाटात म्हणाले.

ह्यांना काही उमगलं नाही. हसत जिन्याखाली गेले. मग एक आवाज आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी सगळ्या तऱ्हेचे आवाज ऐकलेत, पण हा नवा होता! धावत गेले, म्हणजे माझे गुडघे धावू देतात तितपत. हे खाली बसलेले, छातीवर हात.

"डाव्या हातात कळ येते का? घाम सुटलाय का? हलू नका!" मी ब्लडप्रेशरचं मशीन आणायला वळले.

"पोतं..." हे म्हणाले.

"ते गंजकं होय? विकलं! हे तुमचं लखलखीत पोतं तसंच आहे बघा."

"अगं, लखलखीत आहेत ते निकामी! गाडीतून काढलेले! घासायचा हात बसावा म्हणून मी त्यांच्यावर सराव केला."

"मग ते गंजके?"

"अस्सल! ओरिजिनल पार्ट! मुंबईहून, दिल्लीहून मागवलेले. जुन्याच गाड्यांचे असतात ते, गंजूनच येतात. ओरिजिनल आहेत की नाही, ते गंजावरून तर ओळखतात!"

मी विचारलं, "केवढ्याचे?"

ह्यांनी लखलखीत पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

"अहो, केवढ्याचे?"

"सगळं मिळून... म्हणजे आधीचं रंगकाम वगैरे धरून... एफडी मोडली."

"कोणती?"

"उजवी."

मी माझा उजवा गुडघा चौतीस रुपये किलोनं विकला होता! वर काटा माझा! वर त्याच्या इमरती खाल्ल्या होत्या! ह्यांनी दोन, मी तीन!

आम्ही रिक्षा पकडली. भंगाराच्या गोदामात अफजल हिशेबात होता. मला पाहताच घाबरून उठला. "अम्मा, आता छत्तीसनी नाही देणार, सौदा झाला!"

"पोतं कुठंय?" हे किंचाळले.

"गेलं साहब. आपल्या इब्राहीमभाईंनी उचललं. नऊ हजार दिले, नकद."

मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. माल आपल्याच मेकॅनिककडे! आम्ही तसेच गॅरेजवर. इब्राहीमभाई दोन्ही हात पसरून सामोरे आले.

"साहब! नसीब देखो आपका! मुंबईवाला माल आता कॅन्सल करून टाका. इथंच मिळाला, एकदम ओरिजिनल! एवढी वर्षं धंदा करतोय, पण असा गंज नाही पाहिला!"

"केवढ्याला?" ह्यांनी विचारलं. मला वाटलं, खुलासा करतील.

"बाजारात साठ हजार. आपल्यासाठी फक्त चाळीस."

तुम्हाला खोटं वाटेल, पण ह्यांचे डोळे भरून आले. "भाई, तुम्ही माणूस नाही, देवदूत आहात!" असं म्हणून ह्यांनी खिशातून चेकबुक काढलं! स्वतःचाच माल दुसऱ्यांदा विकत घ्यायला! आणि स्वस्तात मिळाला म्हणून रडत!

"ठेवा ते खिशात!" मी ओरडले. "इब्राहीमभाई, पोतं आमचंच आहे."

इब्राहीमभाईंचा चेहरा पडला. "सिस्टर, मी अफजलला रोख मोजले."

मागून धापा टाकत आलेला अफजल म्हणाला, "आणि मी अम्माला रोख मोजले. ते पण चौतीसच्या भावानं!"

मग तिघेही माझ्याकडे पाहायला लागले. कोणीच चोर नव्हतं. सगळा व्यवहार चोख होता. गडबड फक्त मूळ विक्रेत्याकडून झाली होती, आणि तिच्या पदराला अजून इमरतीचा पाक लागलेला होता.

इब्राहीमभाई भले माणूस. "माझे नऊ हजार द्या आणि माल घेऊन जा," म्हणाले. मी मोजून दिले. पोतं उघडलं. सगळं होतं, एक सोडून.

"कार्बोरेटर?" ह्यांचा आवाज पुन्हा तसाच निघाला.

अफजलनं मान खाली घातली. "साहब, त्यात लोहा नव्हता, जस्त होतं. त्याला भाव जास्त. वेगळं करायला हातोडा मारावा लागतो."

एका कागदात बांधून त्यानं कार्बोरेटर परत केला. मी असे तुकडे फक्त अपघात विभागात पाहिले होते.

नवा कार्बोरेटर, म्हणजे पुन्हा जुना आणि गंजका, डाव्या गुडघ्यातून आला. आणि एकदा डावी एफडी मोडलीच म्हटल्यावर बंपर, काचांची रबरं, गाडीची पुन्हा नोंदणी, सगळं तिच्यातूनच. सुदर्शननं फोनवर बेरीज केली. मग तीच बेरीज पुन्हा केली. मला वाटलं आता कमी येईल.

"आई," शेवटी म्हणाला, "एवढ्यात नवी गाडी आली असती. ड्रायव्हरसकट."

मार्चमध्ये गाडी तयार झाली. खरं सांगते, अगदी क्रांती चौकातलीच वाटली. पांढरीशुभ्र! दारासमोर उभी केली. आम्ही त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि ह्यांनी माझ्यासाठी दार उघडलं. इतक्या वर्षांनी! मी पाऊल उचललं.

आणि लक्षात आलं की फियाटची सीट जमिनीपासून वीतभरच वर असते. तिथं बसायला गुडघे वाकावे लागतात. माझ्या दोन्ही गुडघ्यांचे पैसे खर्च करून बनवलेल्या गाडीत मला बसता येत नव्हतं! का, तर गुडघे बदललेले नव्हते!

"आडवं करा सिस्टरला!" केसरबाईंनी फर्मान काढलं. एका बाजूनं त्या, दुसऱ्या बाजूनं हे. कपाट जिन्यावरून चढवतात तसं मला आत घातलं.

गाडी अशी चालली की काय सांगू! फर्दापूरपर्यंत एकदाही कुरकुरली नाही, मीच कुरकुरत होते. ह्यांनी एका हॉटेलसमोर गाडी थांबवली. लगेच गर्दी! अजिंठ्याची लेणी बघायला आलेले लोक गाडीचे फोटो काढायला लागले. हॉटेलचे मालक रामकिसनशेठ बाहेर आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "दोन लाख देतो. हॉटेलसमोर उभी करीन. नवरा-नवरीचे फोटो निघतील."

"विकायची नाही!" हे छाती काढून म्हणाले. "बायकोसाठी बनवलीय!" मग माझं दार उघडून ऐटीत म्हणाले, "उतर, चहा घेऊ."

मी उतरायला गेले. जमेना. ह्यांनी ओढलं. जमेना. ह्यांनी दोन्ही हातांनी ओढलं, आणि माझ्या तोंडून एक किंकाळी बाहेर पडली. ह्यांनी माझे हात सोडले नाहीत, पण ओढायचे थांबले. माझ्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. यावेळी खरोखर गुडघ्यांकडेच. चांदीसारखा चमकणारा आरसा त्यांच्या कोपराला लागत होता, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

वळून म्हणाले, "शेठ, किती म्हणालात?"

"दोन लाख."

"थांबा!" मी गाडीतूनच ओरडले. "भाव मी करणार!"

चहा खिडकीतून आला, भजी खिडकीतून आली, आणि सौदाही खिडकीतूनच झाला. दोन लाख पस्तीस हजार! शिवाय आम्हाला घरी पोचवायला जीप. उंच सीटची.

उजवा गुडघा मे महिन्यात बदलला. ह्यांनी दवाखान्यात माझी अशी सेवा केली की तिथल्या नर्स आपापल्या नवऱ्यांना ती दाखवायला घेऊन यायच्या. इब्राहीमभाईंकडे आता तीन जुन्या गाड्या दुरुस्तीला आहेत आणि तीन घरांत साखर बंद आहे. अफजल माझ्या दारात आला की आधी विचारतो, "अम्मा, साहब को पूछा क्या?" केसरबाईंच्या मालकांना अजून गिऱ्हाईक मिळालेलं नाही. सुदर्शन दर रविवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न एफडीचा विचारतो. फियाट फर्दापूरला हॉटेलसमोर उभी आहे. उभी छान आहे.

डाव्या गुडघ्याचे पैसेही पेन्शनमधून पुन्हा साठत आले होते. येत्या दिवाळीत ऑपरेशन ठरलं होतं. गेल्या महिन्यात हे जालन्याला एका लग्नाला गेले आणि डोळ्यांत तीच चमक घेऊन परतले.

"सुलेखा, आपली ती पोपटी स्कूटर आठवते? डिट्टो तशीच मिळाली! फक्त बारा हजार!"

माझा डावा गुडघा सध्या जिन्याखाली आहे. स्टँडवर उभा. किक मारली तर अजूनही सुरू होत नाही.