बाबांच्या गाडीचं ट्यूनिंग

सुरुवात एका साध्या निर्णयाने झाली, आणि तोसुद्धा मी चहा पिताना घेतला. (आयुष्यातले सगळे चुकीचे निर्णय मी चहा पितानाच घेतले आहेत. बरोबर निर्णय घेण्याची वेळ अजून आलेली नाही, त्यामुळे ते काय पिऊन घ्यायचे असतात याची कल्पना नाही.)

झालं असं, की आमच्या सासरेबुवांनी, म्हणजे बाबांनी, एका रविवारी जाहीर केलं, "आता मी गाडी चालवणं बंद करणार. काही मजा राहिली नाही त्यात. तुम्ही दोघे जावई आपापसात ठरवा, कोण घेणार ते."

बाबांची गाडी म्हणजे एक चौकोनी, फिकट निळी, जुनी गाडी. बाबांनी ती इतकी जपली होती, की तिला धूळ लागायचीसुद्धा परवानगी नव्हती. वेग कायम चाळीस. मागून हॉर्न वाजले की बाबा म्हणायचे, "त्यांना घाई असेल." माझी बायको आणि तिची धाकटी बहीण लहानपणापासून या गाडीच्या मागच्या सीटवर भांडत मोठ्या झाल्या. सीटच्या बरोबर मध्ये बॉलपेनने ओढलेली रेघ अजून आहे. अलीकडे हिची हद्द, पलीकडे मेहुणीची. हद्द ओलांडली की चिमटा.

त्यामुळे बाबांचं बोलणं ऐकून हिचे डोळे भरून आले. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "अहो, ती गाडी आपल्याकडे आली पाहिजे."

"नोंद घेतली आहे," मी म्हणालो. (मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारी ऐकून घ्यायच्या टेबलावर बसतो. सवय झाली आहे.)

आता दुसरा जावई, म्हणजे आमचे साडू. हे दातांचे डॉक्टर. स्वभावाने गोड, पण आमच्यात एक जुनं वैर आहे. दर रविवारी दुपारी आम्ही आपापल्या घरी टीव्हीसमोर बसून ऑनलाइन मोटारींच्या शर्यती खेळतो. त्यांचं गेममधलं नाव 'वादळ', माझं 'सुसाट'. माझं स्टिअरिंग मी इस्त्रीच्या टेबलाला घट्ट आवळून बसवतो, त्यामुळे रविवारी आमच्या घरात कुणाचेही कपडे इस्त्री होत नाहीत. कानाला हेडफोन असतात. वादळ मला मागे टाकण्याआधी दवाखान्यातल्या त्याच मऊ आवाजात म्हणतं, "साडूभाऊ, जरा दुखेल हं," आणि भुर्रकन निघून जातं. दुखतं हो. खरंच दुखतं.

तर त्याच संध्याकाळी आमच्याकडे चहा पिता पिता साडूभाऊ म्हणाले, "भांडायचं कशाला? गेममध्ये शर्यत लावू. जिंकेल त्याला गाडी. हरेल त्याने बाबांना हसतमुखाने सांगायचं, की गाडी यांनाच द्या."

"मान्य," मी म्हणालो आणि कप खाली ठेवला. तोवर वेळ निघून गेली होती.

नियम असा, की दोघांनीही गेममध्ये बाबांच्याच गाडीचं मॉडेल घ्यायचं. म्हणजे गाडी एकच, फरक काय तो ट्यूनिंगचा. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गेममध्ये गाडीचं सगळं बदलता येतं. टायरमधली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, गियर, वजन, वेगात गाडी रस्त्याला चिकटून राहावी म्हणून मागे लावायचा पंख. साडूभाऊ दाताला सिमेंट भरावं तसं बारीक बारीक बदल करत बसतात. मी गाडीचा रंग बदलतो. त्यामुळे माझी गाडी मोठ्या वळणावर मागून घसरते, कठड्याला आपटते आणि कोलांट्या खाते. रंग मात्र छान दिसतो.

आता योगायोग बघा. त्याच आठवड्यात बाबांची खरी गाडी आमच्या घराजवळच्या गॅरेजमध्ये सर्व्हिसिंगला द्यायची होती. नव्या मालकाकडे जाताना ती ठणठणीत असावी, म्हणून बाबांनीच हे काम माझ्याकडे सोपवलं. गॅरेजचे मिस्त्री हा एक गंभीर, कमी बोलणारा माणूस. गाडी देताना मी त्यांना सविस्तर सांगितलं, की मी गेममध्ये याच गाडीची शर्यत खेळतोय, ट्यूनिंगबद्दल तुम्हाला फोन करीन, जरा मदत करा. मिस्त्रींचं डोकं बॉनेटखाली होतं आणि इंजिन धडधडत होतं. पण त्यांनी मान हलवली. मला वाटलं, त्यांनी ऐकलं. (लग्नाला इतकी वर्षं होऊनसुद्धा मान हलवणं आणि ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे माझ्या लक्षात येऊ नये, म्हणजे कमाल आहे. मी स्वतः घरी दुसरं काय करतो?)

दुसऱ्या दिवशी साहेब जागेवर नाहीत असं बघून मी कचेरीतून फोन लावला.

"मिस्त्री, गाडी वळणावर मागून फार घसरते हो."

"कुठली गाडी?"

"आपली. बाबांची. निळी."

"घसरते? किती स्पीडला?"

"असेल दीडशे."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला. बहुधा पाना.

"कोण चालवत होतं?"

"मीच."

"साहेब, तुम्ही?" आजपर्यंत माझ्याशी कुणी एवढ्या आदराने बोललेलं नाही. तक्रार घेऊन येणारे तर नाहीच नाही.

"मग काय! परवा तर कठड्यावर आदळून कोलांट्या खाल्ल्या."

"अरे बापरे! पण गाडीवर साधा ओरखडा नाही!"

"तिला काही होत नाही. लगेच सरळ होते आणि पळायला लागते."

मिस्त्रींनी पलीकडे चालू असलेलं कुठलं तरी इंजिन बंद केलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लोक नुसती गाडी ठेवून जातात माझ्याकडे तपासायला, आणि तिच्यात काय दम असतो ते कुणाला कळत नाही. साहेब, तुम्हाला नक्की काय करायचंय?"

"शर्यत जिंकायचीय. रविवारी. घरचीच आहे, पण इभ्रतीचा प्रश्न आहे."

"मग वजन कमी करावं लागेल. मागची सीट काढावी लागेल."

"काढा की!"

"बाबांना विचारलंत?"

"बाबांचा यात काय संबंध?"

"आणि घरची माणसं कुठे बसणार?"

"मिस्त्री, शर्यतीत घरची माणसं कशाला?"

"तेही खरं. गाडी खाली बसवू? मागे पंख लावू? सायलेन्सर—"

"तुम्हाला योग्य वाटेल ते सगळं करा. मी डोळे मिटून मान्य करतो."

मिस्त्रींचा आवाज एकदम जड झाला. "साहेब, उभा जन्म मी लोकांचं ऑइल बदलण्यात घालवला. असं काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी तयार ठेवतो."

मी फोन ठेवला आणि मनात म्हटलं, माझ्या एका गेमसाठी हा माणूस किती जीव टाकतोय! रविवारपर्यंत वेळ का लागतोय हे कळलं नाही, पण मला वाटलं, हिशेब करत असतील बिचारे. समोर नळाला पाणी येत नाही म्हणून आलेल्या बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "पाण्याचं राहू द्या," त्या म्हणाल्या आणि दारापर्यंत उलट्या पावलांनी गेल्या.

रविवार उजाडला. बाबा आले. साडूभाऊ आपलं स्टिअरिंग काखेत मारून आले, मेहुणीही आली. या खेपेला शर्यत समोरासमोर, आमच्याच घरात. मी दुसरा टीव्ही शेजाऱ्यांकडून आणून ठेवला होता. हिने माझ्या कानात सांगितलं, "हरलात तर घरी येऊ नका."

"मी घरीच आहे," मी म्हणालो.

"म्हणून तर सांगतेय."

मिस्त्रींचा फोन आला की ते सांगतील ते आकडे गेममध्ये भरायचे, असा माझा बेत होता. तेवढ्यात खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या. कपाटातली भांडी वाजली. रस्त्यावरून असा काही आवाज आला, की साडूभाऊंनी दोन्ही हातांनी आपली दाढ धरली.

आम्ही सगळे खाली धावलो.

दारात बाबांची गाडी उभी होती. म्हणजे रंगावरून ओळखली. गाडी इतकी खाली बसली होती, की तिच्याखाली चप्पल सरकली असती तर परत मिळाली नसती. मागे एक पंख होता, त्यावर आमच्या घरातले आठवड्याचे कपडे वाळले असते. आत पुढच्या दोन सीट, आणि त्यामागे नुसता पत्रा. शेजारी मिस्त्री उभे होते. हात तेलाने काळे, डोळे पाण्याने भरलेले.

"घ्या साहेब," ते मला म्हणाले. "आता दीडशेला घसरली तर नाव बदला माझं."

 आत्ता कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला.

बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. वाकून आत पाहिलं. "मागची सीट कुठे आहे?"

"जावईबापूंनी काढायला सांगितली," मिस्त्री अभिमानाने म्हणाले. "वजन होत होतं."

"कुणाचं?"

"बाबा, मी गेमबद्दल बोलत होतो!" मी ओरडलो. "दीडशे गेममध्ये! कोलांट्या गेममध्ये!"

"कुठला गेम?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

हिने खिडकीतून आत डोकं घातलं. रिकाम्या पत्र्याकडे बघत राहिली. मला ओरडली असती तर परवडलं असतं. साडूभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, "आता जरा दुखेल हं."

बाबांनी मिस्त्रींसमोर हात पुढे केला. "किल्ली."

मिस्त्रींनी किल्ली दिली. बाबा मोठ्या कष्टाने आत शिरले, म्हणजे जवळजवळ रस्त्यावरच बसले. "मिस्त्री, शेजारी बसा," म्हणाले. दार लागलं, डरकाळी फुटली आणि गाडी कोपऱ्यावरून दिसेनाशी झाली.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते माझं मला माहीत. ही एकदाच बोलली. "बाबांना काही झालं ना..." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. मी मनातल्या मनात बाबांना हजारदा हात जोडले. साडूभाऊ आपलं स्टिअरिंग उराशी धरून उभे होते, सवयीने वळणावर वळवत होते.

शेवटी डरकाळी ऐकू आली. गाडी आली आणि अगदी ऐटीत दारात थांबली. बाबा उतरले. आयुष्यभर चापून बसवलेले केस सगळे उभे होते, चष्मा एका कानावर लोंबत होता. बाबा माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"जावईबापू."

"बाबा, मी सगळं होतं तसं बसवून देतो—"

"हात लावाल तर खबरदार!" बाबा गरजले. "ही गाडी मी आता कुणालाच देणार नाही. एवढी वर्षं मी तिला नुसती जपत बसलो, चालवायची राहूनच गेली! मिस्त्री, ते मोठं वळण आपण किती छान घेतलं, नाही?"

"झकास, बाबा," मिस्त्री नाक पुसत म्हणाले.

"पुढच्या रविवारी पुन्हा."

म्हणजे मिस्त्रींना बाबा मिळाले, बाबांना गाडी मिळाली. हिने हळूच विचारलं, "बाबा, मग ती मागची सीट?"

"ती घेऊन जा गं. अर्धी तुझी, अर्धी तिची. रेघ आहेच."

सीट गॅरेजमधून मी आणि साडूभाऊंनी डोक्यावर धरून आणली. मी पुढे, ते मागे. कोपऱ्यावर दोघांनाही आधी वळायचं होतं. आम्ही मागून घसरलो, कठड्याला आपटलो आणि सीटसकट कोलांटी खाल्ली. खऱ्या आयुष्यात लगेच सरळ होऊन पळता येत नाही, हे तेव्हा कळलं.

आता ती सीट आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर आहे. रेघेच्या अलीकडे ही बसते. पलीकडची बाजू मेहुणीची, ती नसली तरी तिथे कुणी बसायचं नाही. त्या दिवशी शर्यत राहूनच गेली होती, म्हणून काल पुन्हा ठरवली. मी मिस्त्रींनी सांगितलेले सगळे आकडे गेममध्ये भरले, इस्त्रीचं टेबल पुढे ओढलं आणि जरा घाबरतच हिला विचारलं, "मी कुठे बसू?"

ही आपल्या अर्ध्या सीटवर पाय पसरत म्हणाली, "तुम्ही गाडी चालवताय ना? मग मागच्या सीटवर कशाला जागा हवी? बसा खाली."

मी फरशीवर बसलो. तिथून टेबलावरच्या स्टिअरिंगपर्यंत माझा हात पोचत नाही.