एक गुडघा, चारशे माणसं

वॉर्डातल्या तीनशे नव्याण्णव घरांनी आरोग्य पाहणीला दार उघडलं नाही. शिंप्याने उघडलं, कारण त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं.

"काका, काही त्रास?" पाहणीवाल्या बाईंनी विचारलं.

"उजवा गुडघा. पायमशीन चालवून चालवून गेला. आणि हिला शुगर आहे, रोज इन्सुलिन लागतं."

"घरटी एकच माणूस घेतो आम्ही. काकूंचं राहू द्या."

कार्यालयातला नियम सोपा होता. वर्गात दहापैकी एकच मूल आलं आणि त्याने हात वर केला, तर दहा हात वर झाले असं धरायचं. गप्प बसलेल्यांचा भार बोलणाऱ्यावर. शिंप्याचा भार निघाला चारशे. निष्कर्ष: वॉर्डातले सर्व उजवे गुडघे निकामी, मधुमेह शून्य.

दवाखान्यातलं इन्सुलिन परत गेलं आणि गुडघ्याचे चारशे पट्टे आले. मैदानावर धावायला बंदी झाली. शाळेच्या जिन्याला कुलूप लागलं. आणि काकूंकडे दोन दिवसांपुरतंच औषध उरलं.

शिंपी लंगडत कार्यालयात गेला. "साहेब, मी एकटाच आहे हो!"

"विनय पुरे. नोंदीप्रमाणे तुम्ही चारशे आहात."

"मग आम्ही चारशे जण हात जोडतो, इन्सुलिन परत पाठवा!"

"तोंडी चालत नाही. दुरुस्ती अर्जात लिहा, मधुमेह तुम्हालाच आहे. आजाराचा रकाना मात्र एकच आहे हं."

शिंप्याने आयुष्यात वीतभर कापड लांबवलं नव्हतं. त्याने खोटं लिहिलं.

एका सहीत चारशे गुडघे बरे झाले. साहेबांना मानपत्र मिळालं. काकूंना इन्सुलिन मिळालं. पण वॉर्डात आता चारशे मधुमेही, म्हणून साखरेची विक्री बंद झाली. तेव्हा कुठे तीनशे नव्याण्णव दारं उघडली.

"आमच्या वतीने बोलणारा तू कोण लागून गेलास?" लोक शिंप्यावर धावून आले.

"बरं झालं आलात! बाई पुन्हा आल्यात. स्वतःच सांगा."

"आत्ता? गॅसवर दूध आहे," म्हणत गर्दी पांगली.

बाईंनी नवा फॉर्म काढला. "काका, यंदाचा प्रश्न, तुम्ही सुखी आहात का?"

शिंप्याने आत पाहिलं. काकू इन्सुलिन घेऊन शांत झोपल्या होत्या.

"हो," तो म्हणाला.

तेव्हा वाचकहो, आपण सुखी आहोत की नाही, याचा विचार करत बसू नका. तुमच्या वॉर्डात दार कोण उघडतो, तेवढं विचारून या.