दोन्हीकडून वाळीत

कल्याणात आमच्या शेजारी राहणाऱ्या तात्यांच्या ओटीवरून एकदा भरदिवसा एक माणूस त्यांचा तांब्या घेऊन पळाला. मी ओरडलो, "तात्या, चोर." तात्या त्याच्या पाठीकडे शांतपणे पाहत म्हणाले, "चोर कशावरून? घाईची लागली असेल बिचाऱ्याला." तांब्या परत आला नाही. तात्यांच्या मते त्या माणसाला त्यांचे घर पुन्हा सापडत नसावे.

मी ठाण्याच्या कोर्टात कारकून. दिवसभर न्यायाधीशाचे निकाल उतरवायचे आणि घरी आलो की स्वतःचे द्यायचे, ही माझी सवय. त्यामुळे तात्या मला असह्य होत. कोणाला नावे ठेवू लागलो की ते म्हणत, "त्याचं त्याला ठाऊक, बाबा." कीर्तनात हरदासाचा आवाज फाटला, तरी तेच. तुम्हाला कणाच नाही, असे मी त्यांच्या तोंडावर म्हटले. "तुला तसं दिसत असेल," म्हणून ते सुपारी कातरू लागले.

मग सोडावॉटरचे प्रकरण उपटले. आळीतल्या एका तरुणाने स्टेशनावर बाटलीतले सोडावॉटर प्यायले. परक्या हातचे पाणी पिऊन धर्म बुडवला म्हणून अर्ध्या आळीने त्याला वाळीत टाकले, आणि आम्ही सुधारक त्याच्या बाजूने उभे राहिलो. वाळीत टाकणाऱ्यांचे पुढारी शास्त्रीबुवा. त्यांनी तात्यांना विचारले, "हे पाप की नाही?" तात्या म्हणाले, "तहान त्याला लागली होती. मी कसं सांगू?" झाले, तात्याही वाळीत. आम्ही त्यांना मोठ्या आनंदाने आमच्या सभेत आणले, तर तिथे म्हणाले, "शास्त्रीबुवा वाईट नाहीत हो, घाबरलेत." मग आम्हीही त्यांना वाळीत टाकले. तो ठराव माझ्याच अक्षरात होता.

तात्यांचे काही बिघडलेले दिसेना. "दोन्हीकडची जेवणं बंद. पोटाला आराम आहे," म्हणत. पण पुढे त्यांच्या बायकोचे श्राद्ध आले आणि जेवायला एकही ब्राह्मण मिळेना. मूलबाळ नव्हते. मंत्र त्यांना येत होते, पण पानावर बसणार कोण? चार दिवस ते दारोदार फिरले. मीही ब्राह्मणच, पण माझ्याकडे मात्र आले नाहीत. ते मला फार लागले.

श्राद्धाच्या दिवशी मी रजा काढली आणि सगळ्या आळीदेखत पुढच्या दाराने त्यांच्या घरात शिरलो. दोन पाने मांडून, एक देवांचे आणि एक बायकोच्या नावाचे, तात्या दाराकडे बघत बसले होते. स्वयंपाक त्यांनीच रांधला होता. मी देवांच्या पानावर बसलो आणि आळीला शिव्या घालू लागलो.

"आज नको रे," तात्या म्हणाले. वाढता वाढता सांगू लागले, "ती तापात पडली होती. मी म्हटलं, कामाचा कंटाळा, दुसरं काय. तिसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून कोणाविषयी ठाम काही बोलवतच नाही."

मी जेवू लागलो. वडे दगडासारखे होते, खीर खाली लागली होती. शेवटी तात्यांनी हात जोडले. एरवी मला अरे-तुरे करणारे ते म्हणाले, "तृप्त झालात ना?" श्राद्धात हे विचारावेच लागते. पण त्यांची नजर शेजारच्या रिकाम्या पानावर होती.

"तृप्त झालो," मी म्हणालो. तात्या हलले नाहीत. तेव्हा त्या दुसऱ्या पानाच्या वतीनेही मीच म्हटले, "तृप्त झाले."

त्यांनी पंच्याने डोळे पुसले आणि मला आणखी खीर वाढली.