नंबर सदुसष्ट आणि आईच्या टाळ्या

व्हर्नाबाई टेस्मरांचा फोन आला तेव्हा त्यांचे चिरंजीव न्हाणीघरातल्या टबात बर्फ ओतून गळ्यापर्यंत बुडून बसले होते. रविवारी सामना खेळून आलं की सोमवारी अंगाचं कुठलं हाड आपलं आणि कुठलं उसनं, हे हार्लनला बर्फात बसल्याशिवाय कळत नसे.

"हार्लन, या वर्षी तुझं नाव एकदासुद्धा पुकारलं नाही रे त्यांनी," आई म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

"अगं आई, अजून एक सामना आहे..."

"तेच म्हणतेय मी. तुझा शेवटचा सामना. मी येतेय. गाव घेऊन येतेय. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

फोन ठेवला आणि बर्फात बसलेल्या हार्लनला दरदरून घाम फुटला.

हार्लन टेस्मर हा अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातानं फेकायच्या खेळातल्या, संघातला लाइनमन. विजेच्या खांबावर चढणारा नव्हे. हार्लन चढला असता तर खांबच खाली आला असता. त्याचं काम एकच. मागे उभा असलेला आपला देखणा क्वार्टरबॅक चेंडू फेकेपर्यंत, समोरून धावून येणाऱ्या रेड्यांना छातीनं अडवायचं. चेंडूला हात लावायचा नाही. समोरच्याचा शर्ट तर मुळीच धरायचा नाही. धरला की पंच पिवळा रुमाल फेकतो आणि भर स्टेडियममध्ये माइकवरून सांगतो, "होल्डिंग! नंबर सदुसष्ट! दहा यार्ड मागे!" लाइनमनचं नाव जगात निघतं ते एवढ्याच कारणासाठी. नीट खेळला तर तो आहे की नाही हेही कुणाला कळत नाही.

व्हर्नाबाईंचं विस्कॉन्सिनमधल्या एका खेड्यात छोटंसं खानावळवजा दुकान होतं. पोरगा कॉलेजच्या संघातून पहिल्यांदा टीव्हीवर दिसला, त्या दिवशी सारं गाव तिथं जमलं होतं. आणि पंच म्हणाला, "नंबर सदुसष्ट!" गावानं कपाळावर हात मारला. व्हर्नाबाई मात्र ताडकन उभ्या राहिल्या, त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या आणि ओरडल्या, "माझ्या पोराचं नाव घेतलं! चला, सगळ्यांना चेरीचा केक फुकट!"

आता अशा माउलीला सांगायचं कुणी? पाद्रीबाबा सांगणार होते, पण त्यांच्या तोंडात केक होता. मग ती प्रथाच पडून गेली. हार्लनची सुरुवातीची वर्षं अशी गेली की हात दिसेल ते धरायचे. बिचाऱ्याला शिव्या पडत होत्या, आणि गाव बाळसं धरत होतं. हार्लन घरी फोन करायचा तेव्हा आई म्हणायची, "आज तीनदा रे! मैदा संपला!"

पण दोन वर्षांपूर्वी कोच प्रोहास्का आले. त्यांनी हार्लनचे हात अक्षरशः टॉवेलनं बांधून सराव घेतला आणि या वर्षी नवल घडलं. एकही रुमाल नाही. "टेस्मर," कोच रोज म्हणायचे, "वर्षभर एकही चूक न केलेला लाइनमन मी उभ्या जन्मात पाहिला नाही. एवढा एक सामना सांभाळ. मग सुखानं घरी जा."

आणि इकडे आईचं ते रडणं. हार्लननं रात्रंदिवस विचार केला. वर्षभराची निर्मळ कमाई एकीकडे, आणि पहिल्यांदाच स्टेडियममध्ये येणारी, नाव ऐकायला आसुसलेली म्हातारी एकीकडे. यात विचार काय करायचा? एक चूक करायची. लहानशी, निरुपद्रवी. आई टाळ्या वाजवेल आणि विषय मिटेल.

रविवारी व्हर्नाबाई पुढच्याच रांगेत होत्या. डोक्याला लोकरी टोपी, अंगावर सदुसष्ट नंबरचा शर्ट, शेजारी पाद्रीबाबा, न्हावी आणि अर्धं गाव. हार्लननं हात केला. आईनं दोन्ही हात केले.

पहिल्याच संधीला, चेंडू हलायच्या आत, हार्लन मुद्दाम हलला. हा सरळसरळ गुन्हा, याला म्हणतात 'फॉल्स स्टार्ट'. पण समोर होता इफियानी नावाचा तरणाबांड गडी. त्याला वाटलं, चेंडू सुटला! त्यानं अशी झेप घेतली की तो थेट क्वार्टरबॅकच्या मांडीवर जाऊन बसला. पंचांनी पाहिला तो इफियानीच.

"नंबर ब्याण्णव! पाच यार्ड!"

"शाब्बास रे पठ्ठ्या! काय फसवलंस त्याला!" कोच बाहेरून ओरडले. हार्लननं आईकडे पाहिलं. ती छातीवर हात ठेवून बसली होती. बिचारीचा जीव केवढासा झाला असेल, हार्लनला वाटलं.

मग त्यानं आडपडदाच सोडला. पुढच्या खेपेला इफियानीचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि बाजारात बोकड धरतात तसा त्याला धरून ठेवला. क्वार्टरबॅकला आयुष्यात एवढी सवड कधी मिळाली नव्हती. त्यानं आरामात इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि चेंडू असा लांब फेकला की गुणच झाले. स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी.

"पंचसाहेब! यानं धरलं मला! हे बघा, शर्ट फाटलाय!" इफियानी बोंबलला.

"कोण, टेस्मरनं?" पंच हसले. "या माणसानं वर्षभर कुणाला बोट लावलेलं नाही. काहीतरी शिका त्याच्याकडून."

घ्या! चांगलं नाव झालं की माणसाला वाईट वागायचीसुद्धा सोय राहत नाही. हार्लननं नंतर कोपर मारलं, पाय अडकवला, एकदा तर इफियानीच्या पाठीवर बसला. पंच दर वेळी भलतीकडेच बघायचे. आणि दर वेळी संघाचे गुण वाढायचे.

शेवटी त्यानं चिखलात पडल्या पडल्या इफियानीलाच गाठलं. "भाऊ, जरा जोरात ओरड की."

"मघाशी ओरडलो तर मलाच दम मिळाला! अरे, पण तुला झालंय काय? मार खायची हौस आली का?"

"माझी आई आलीय रे. तिला वाटतं नंबर पुकारला म्हणजे सत्कार. आज एकदा पुकारला पाहिजे."

इफियानीनं तोंडातलं गवत थुंकलं. "गाढवा, आधी नाही का सांगायचंस! आईचं काम आहे म्हणतोस. थांब, मी पडतो."

आणि तो पडला. हार्लननं नुसता हात लावला, तर पठ्ठ्या तीन कोलांट्या घेऊन, गळा धरून, पाय झाडत असा पडला की त्याच्याच संघाचा डॉक्टर धावत आला. पंचही आले. खाली वाकले आणि म्हणाले, "ब्याण्णव, नाटकं पुरे. पुन्हा केलंस तर बाहेर काढीन."

"माफ कर रे," इफियानी कुजबुजला. "शाळेतसुद्धा मला कधी नाटकात घेतलं नाही."

असं करता करता सामना सरला. हार्लनचा संघ जिंकल्यातच जमा होता. आता फक्त चेंडू घ्यायचा आणि क्वार्टरबॅकनं एक गुडघा टेकायचा, की खेळ खलास. अशा वेळी कुणी कुणाला ढकलत नाही, सगळे नुसते वाकून उभे राहतात.

आत्ता नाही तर कधीच नाही. हार्लननं डोळे मिटले, चेंडू हलायच्या पुष्कळ आधी उडी मारली, इफियानीला उचलून कडेवर घेतलं आणि त्याला तसाच घेऊन मैदानभर पळत सुटला.

"अरे, सोड! मला लाज वाटते!" इफियानी कडेवरून ओरडला.

मैदानातल्या सगळ्या पंचांनी एकदम रुमाल फेकले. एकानं तर टोपीसुद्धा फेकली. मुख्य पंचांना माइक सापडेना. सापडला तेव्हा शब्द सापडेनात. "फॉल्स स्टार्ट," ते शेवटी म्हणाले. "आणि होल्डिंग. आणि... पळवापळवी. नंबर सदुसष्ट!"

स्टेडियम हसून हसून लोळलं. कोच प्रोहास्का गवतावर मटकन बसले. हार्लननं मात्र पुढच्या रांगेकडे पाहिलं. आईनं आधी कपाळावर हात मारून घेतला. मग ती हळूहळू उठली आणि टाळ्या वाजवू लागली. तिच्यामागोमाग सगळं गाव उठलं. हार्लनच्या डोळ्यांत पाणी आलं. एक गडी अजून कडेवर आहे हे तो साफ विसरला होता.

सामना संपल्यावर गाडीतळावर गावाची मंडळी हातात बशा घेऊन उभी होती. ट्रकच्या मागच्या फळीवर केवढा तरी मोठा खोका होता. न्हावी हार्लनची नजर चुकवत होता आणि पाद्रीबाबा आभाळाकडे बघत होते.

"ऐकलंस ना आई? पुकारलं ना?" हार्लन धापा टाकत म्हणाला.

"ऐकलं बरं. सगळ्या राज्यानं ऐकलं," व्हर्नाबाई म्हणाल्या आणि त्यांनी खोका उघडला.

केकवर लाल साखरेच्या पाकानं मोठ्या मेहनतीनं लिहिलं होतं: *नंबर सदुसष्ट. वर्षभरात चूक एकही नाही!*

हार्लननं ते दोनदा वाचलं. "आई... म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"वेड्या, माझा बाप लाइनमन होता, शाळेच्या संघातला. होल्डिंग म्हणजे काय ते मला तुझ्या आधी कळत होतं."

"मग फोनवर रडत का होतीस?"

"आनंदानं रे! पोरगं एवढं सुधारलं म्हणून! आणि आज सामनाभर काय चाललं होतं तुझं? प्रत्येक वेळी माझ्या काळजाचा ठोका चुकत होता. म्हटलं, बाई गं, आता रुमाल पडतो की मग!"

"पण मग इतकी वर्षं टाळ्या कशासाठी वाजवल्यास?"

व्हर्नाबाईंनी टाचा उंचावून त्याच्या गालावरचा चिखल पुसला. "लहान पोर धपकन पडलं की आपण काय करतो? हसतो, टाळ्या वाजवतो. म्हणजे ते रडत नाही, उठून पुन्हा चालायला लागतं. तू जरा मोठा होईपर्यंत पडत राहिलास, एवढंच."

हार्लनला एवढं मोठं रडू फुटलं की शेजारच्या गाडीतला कुत्रा भुंकायला लागला. त्यानं हुंदके देत देत सगळं सांगितलं. शर्ट, कोपर, इफियानी, सगळं. व्हर्नाबाईंनी तोंडाला पदर लावावा तशी लोकरी टोपी लावली, पण हसू आवरेना.

शेवटी त्यांनी अंगठ्यानं केकवरचे "ही नाही" एवढी अक्षरं पुसली, अंगठा चाटला, आणि उरलेलं वाचून पाहिलं. *वर्षभरात चूक एक!*

"झालं, खरं झालं," त्या म्हणाल्या. "तुझ्या त्या कडेवरच्या पोराला बोलव आधी, त्याला मोठा तुकडा. आणि काप लवकर. गाव वर्षभर उपाशी आहे."