नरोत्तमभाऊंचा हवाबंद वूफर

आमच्या शेजारचे नरोत्तमभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी उदबत्ती मागतात. देवापुढे लावायला नाही. ती पेटवून ते दाराच्या फटीशी, खिडकीच्या चौकटीशी, फ्रिजच्या रबराशी धरतात आणि धूर कुठे हलतो ते बघत बसतात. हलला, की घरमालकाकडे असं बघतात, जणू त्याने काहीतरी लपवून ठेवलं होतं. मग "सगळा हवेचा खेळ आहे, वहिनी," असं म्हणून निवांत चहा पितात. माझा नवाकोरा फ्रिज त्यांनी पहिल्याच दिवशी नापास केला. मी म्हटलं, भाऊ, पुन्हा माझ्या घरात उदबत्ती मागायची नाही. तेव्हापासून ते स्वतःची घेऊन येतात.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. डहाणूच्या एका फुग्यांच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. साचे रबराच्या चिकात बुडवायचे, वाळवायचे, फुगा उतरवायचा आणि गळतो का ते बघायचं. पुढे कारखाना बंद पडला, मालक दुसऱ्या धंद्यात गेला, आणि आमचे भाऊ इथे आगरला घरी बसून गावातल्या फटी मोजायला लागले. बायको आधीच गेलेली. रोखणारं कोण होतं? मी होते, पण मी पडले शेजारीण. शिलाई मशीनवर पाय मारता मारता जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडते.

तर असा हा माणूस एका सकाळी माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, एका खोक्याला कव्हर शिवून द्याल का? मी विचारलं, कसलं खोकं? म्हणाले, वूफरचं. गाडीत बसवतोय.

मला वाटलं, झालं, गेलं डोकं कामातून. यांची गाडी म्हणजे जुनीपुराणी, पांढरी, छोटी. रेडिओच्या जागी नुसतं भोक होतं आणि त्यात भाऊ चष्मा ठेवायचे. गाण्याचं म्हणाल तर हळदीच्या मांडवात डीजे लागला की हे जेवण अर्धं टाकून घरी येणारे. आणि आता यांना वूफर हवा!

कारण विचारलं तेव्हा हसत हसत सांगितलं. मला ते हसणं अजून सहन होत नाही.

भाऊंना एकच मुलगी, मीनल. तलासरीला दिली होती. पोर ध्रुवी बालवाडीत असताना मीनल आजारपणात गेली. जावयाने दुसरं लग्न केलं, त्याबद्दल मी कधी बोलले नाही. घरात लहान पोर असताना माणूस काय करणार? दुसरी आली ती बाईही वाईट नाही. पण ध्रुवी दर सुट्टीत आगरला यायची, ते येणं आधी आठवड्यावरून दोन दिवसांवर आलं, आणि गेल्या मे महिन्यात ती आलीच नाही. यंदा भाऊंनी फोन केला तर जावई म्हणाला, "पप्पा, तुमच्या गाडीत तिला बोअर होतं. गाणी नाहीत, काही नाही. पोरं आता मोठी झाली."

माझं टाळकंच सरकलं. जावयाची स्वतःची गाडी अशी, की आमच्या गल्लीत वळत नाही. तिच्यात बसून गुजरातभर फिरतील, पण पोरीला आगरला आणून सोडायचं म्हटलं की यांना वेळ नसतो. मी हे सगळं भाऊंना ऐकवलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, कव्हर मरून रंगाचं होईल का?

डहाणू रोडला स्टेशनजवळ गाड्यांना सिस्टीम बसवणारा एक दुकानदार आहे. भाऊ त्याच्याकडे गेले, सगळं नीट बघितलं, भाव ऐकला, त्याचा चहा प्यायले आणि परत आले. त्यांचं म्हणणं असं, की वूफर म्हणजे नुसतं खोकं आणि हवा, आणि हवेतलं मला कोण शिकवणार? मग वापीच्या भंगारवाल्याकडून वूफर आला. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा अँप्लिफायर आला. दारातले स्पीकर आणि चष्म्याच्या भोकात बसवलेला पेनड्राइव्हचा प्लेअर एका मोडीत निघालेल्या टेम्पोचे. खोकं त्यांनी अंगणात स्वतः ठोकलं, तेही जाड प्लायचं, कारण आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने बाकीचं सगळं फुगतं.

खोक्यातून हवा गळली तर बेस पडतो, हे त्यांना दुकानात कळलं होतं. बास, तेवढंच पाहिजे होतं त्यांना. जुन्या सोबत्याकडून डबाभर रबराचा चीक आणला आणि खोक्याला आतून हात द्यायला लागले. एक हात वाळला की दुसरा. त्या चिकाचा अमोनियासारखा वास असतो. माझ्याकडे शिवायला आलेल्या ब्लाउजांना तो वास लागला, दोन बायका भांडून गेल्या. वाळल्यावर भाऊंनी खोक्यात वूफर बसवला, गाणं लावलं आणि उदबत्ती घेऊन खोक्याभोवती फिरायला लागले. समोरच्या काकूंनी लांबून बघितलं आणि हात जोडले. मागून मला विचारतात, कुठला देव गं हा?

गाडीत बसवल्यावर वेगळीच तऱ्हा. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक रडका आवाज यायचा. अर्थिंगची वायर पत्र्याच्या रंगावरच आवळली होती. रंग खरवडून पुन्हा बसवली, तेव्हा रडणं थांबलं. मग बेस सुरू झाला की नंबरप्लेट, आरसा, दारं, सगळी गाडी खडखडायची. यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं मला माहीत नाही. आमच्या भाऊंनी दारांच्या आतले पत्रे खोलले आणि पोकळीत फुगे फुगवून भरले. खडखड थांबली, ते मान्य केलं पाहिजे. पण दाराची काच खाली घेतली की ती कुठे जाते, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

गाण्यांचं काम माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुलींनी केलं. त्यांनी पेनड्राइव्ह भरून दिला. भाऊंनी ओट्यावर बसून त्यातलं एकूण एक गाणं ऐकलं, काढा पितो तसं तोंड करून. शेवटी म्हणाले, बेस चांगला आहे.

तलासरीला मला सोबत जावं लागलं. पोर वयात आलेली, बरोबर बाईमाणूस असेल तरच पाठवू, असा जावयाच्या आईचा निरोप होता. चारोटी नाक्याला पोलिसाने हात केला. भाऊंनी अदबीने काच खाली घेतली आणि दारात फटाफट फुगे फुटले. पोलीस दोन पावलं मागे. भाऊ त्याला समजावतात, साहेब, फुगे आहेत. पोलीस विचारतो, दारात कशाला? यावर भाऊंनी फुग्यांच्या कारखान्यापासून सुरुवात केली, तेव्हा त्याने कंटाळून सोडून दिलं.

जावयाच्या दारात भाऊंनी आधी डिकी उघडली. मरून कव्हर घातलेला वूफर, झाडून पुसून, मधोमध. गाणं लावलं. शेजारचे लोक बाहेर आले. जावयाने खोक्यावर बोटाने टकटक केलं. मला वाटलं हसेल, नावं ठेवेल. तो हसला नाही. त्याने आईकडे बघितलं आणि म्हणाला, मग काय, जाऊ दे तिला दोन दिवस.

ध्रुवी बाहेर आली. हनुवटी अगदी मीनलची. आजोबांच्या पाया पडली, मागच्या सीटवर बसली आणि गाडी सुरू व्हायच्या आत कानात इयरफोनची ती पांढरी बोंडं घालून मोबाइलमध्ये डोकं घातलं.

भाऊंनी गाणं लावलं. आरशातून बघितलं. आवाज थोडा वाढवला. पुन्हा बघितलं. माझ्या पाठीत बेस आपटत होता. थोड्या वेळाने पोरीने एक बोंड काढलं आणि म्हणाली, "नाना, थोडं हळू करा ना. मला माझं ऐकू येत नाही."

"हो बेटा," म्हणून भाऊंनी सिस्टीम बंदच केली.

मला राहवेना. मी मागे वळून म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच बसवलंय ना हे! गाडीत गाणी नाहीत म्हणून येत नाही, असं तूच म्हणालीस ना?

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मी? मी कधी म्हटलं असं? मला तर पप्पा म्हणाले, नानांना आता झेपत नाही, त्यांना त्रास द्यायचा नाही."

मग भाऊच हसले आणि म्हणाले, या वहिनींचं काही ऐकू नकोस. मलाच म्हातारपणी हौस आली, कुणी काही म्हटलेलं नाही. पोरीला ते पटलं असावं. तिने बोंड पुन्हा कानात घातलं.

आशागडला सोड्याच्या गाडीपाशी भाऊंनी गाडी उभी केली. ते उतरले, त्यांच्या मागे मी उतरले. सोडावाला लिंबं कापत होता. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

म्हणाले, फोनवरच कळलं होतं. पोर आगरला आली, की परत जाऊन तलासरीच्या घरात आईचं विचारत राहते. मीनल काय खायची, कुठे बसायची, तिचे फोटो कुठे आहेत. त्या घरात ते नको असतं. म्हणून जावयाने सबब सांगितली.

"मग हा एवढा उपद्व्याप कशाला केलात? सबब आहे हे ठाऊक असताना?"

"सबब होती ना, वहिनी. ती काढली. म्हणून तर आली पोर."

मला इतका राग आला होता, की डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, सांगा ना तिला खरं काय ते! बाप खोटं बोलतो हे कळू दे तिला एकदा.

भाऊंनी गाडीकडे बघितलं. मागच्या काचेतून पोरीची मान दिसत होती, गाण्यावर हलत होती.

"आई नाही तिला," ते म्हणाले. "बाप आहे, तो तरी राहू दे."

सोडावाल्याने ग्लास पुढे केले. भाऊंनी पोरीच्या ग्लासातली लिंबाची बी चमच्याने काढली आणि म्हणाले, "पुढच्या सुट्टीला तो दुसरी सबब सांगेल. तीपण काढू."