एकेचाळीस श्वानदंश

डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं मी बावीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलो. हल्ली सांगत नाही. कुणी दुसऱ्याने माझं कौतुक सुरू केलं तर मी पाणी प्यायला उठतो.

माझं काम असं आहे. माणूस दवाखान्यात दगावला की डॉक्टर एक फॉर्म भरतात. मृत्यू कशाने झाला, ते कशामुळे झालं, आणि त्याच्याही मुळाशी काय होतं, अशा तीन ओळी. देशभरातले हे फॉर्म आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर येतात. तिथे आम्ही सहा जण बसतो. प्रत्येक कारणाला जाडजूड पुस्तकातला एक कोड शोधायचा, तो कोपऱ्यात लिहायचा आणि फॉर्म पुढच्या टेबलावर सरकवायचा. देशात कुणी कशाने किती मेलं याचा तक्ता त्यातून तयार होतो. लोकांना वाटतं हे उदास काम आहे. उदास वगैरे काही नाही, नुसतं पाठदुखीचं आहे. दिवसाला दीडशे माणसं माझ्या हाताखालून जातात आणि संध्याकाळी घरी गेल्यावर बायको विचारते, दही आणलंत का.

नियम असा, की अक्षर लागत नसेल किंवा कारण पटत नसेल तर फॉर्म प्रश्न लिहून डॉक्टरकडे परत पाठवायचा. बाकीचे पाच जण पाठवायचे. मी बावीस वर्षांत एकही पाठवला नव्हता. मुंगी शाईत पडून कागदावर चालत गेली असती, तरी तिला काय म्हणायचंय ते मी सांगितलं असतं.

गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावरचे आजोबा निवृत्त झाले. आम्ही त्यांना आजोबाच म्हणायचो. त्यांचे जिल्हे माझ्याकडे आले. आजोबांची पद्धत साधी होती. जे वाचता येणार नाही ते 'अस्पष्ट कारणे' या रकान्यात टाकायचं. तो रकाना म्हणजे त्यांची अडगळीची खोली होती. मी पहिल्याच दिवशी साहेबांना सांगितलं की तीन महिन्यांत ही खोली झाडून दाखवतो. साहेबांनी मान डोलावली. त्यांची मान दिवसभर डोलतच असते.

त्यांच्या जिल्ह्यांच्या पहिल्याच तिमाहीच्या गठ्ठ्यात एका लहान गावाच्या दवाखान्याचे एकेचाळीस फॉर्म निघाले. सगळ्यांवर एकाच डॉक्टरची सही, आणि सगळ्यांवर कारण एकच. तीन ओळींपैकी पहिल्या ओळीत दोन अक्षरं आणि दोन टिंबं. बाकी दोन ओळी कोऱ्या. आजोबांनी वर्षानुवर्षं असे फॉर्म डोळे मिटून 'अस्पष्ट'मध्ये ढकलले असणार. मी चष्मा पुसला, कागद खिडकीशी नेला आणि मिनिटभरात वाचलं, 'श्वा. दं.'

श्वानदंश!

अंगावर काटा आला. एका तिमाहीत, एका गावात, कुत्रा चावून एकेचाळीस माणसं मेली आणि देशाला पत्ताच नाही! वाईट वाटलंच, पण खोटं कशाला बोलू, त्याच्याआधी छाती दोन इंच फुगली. मी एकेचाळीस कोड टाकले आणि वरती लाल शाईत शेरा लिहिला, 'तातडीचे'.

तक्ता सोमवारी वर गेला. आमच्याकडून वर गेलेला कागद साधारण दीड वर्षाने हलतो. हा गुरुवारी हलला. आरोग्य खात्याने पथक नेमलं, लशीच्या चार हजार मात्रा रवाना केल्या, कुत्री पकडायच्या तीन गाड्या पाठवल्या. साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले आणि हे तुम्हीच शोधलंत ना, असं सगळ्यांदेखत विचारलं. मी नम्रपणे खाली पाहिलं. त्या खाली पाहण्याचा मला नंतर पुष्कळ पश्चात्ताप झाला.

आता गोम अशी, की त्याच गावात माझी मावशी राहते. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. मी लगेच तिला फोन केला आणि घराबाहेर पाऊल टाकू नकोस म्हणून बजावलं. ती म्हणाली, इथे कुणाला कुत्रा चावल्याचं ऐकलं नाही. मी तिला समजावलं की गावात राहून गाव कळत नसतं, त्यासाठी आकडे लागतात. त्यावर ती म्हणाली, तू शिकलेला आहेस बाबा, असेल तसं. आणि तिने तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याला अंगणात साखळीने बांधलं. या कुत्र्याचं नाव मुकादम. तेरा वर्षांचा, एका डोळ्याने अधू, दात मोजकेच. दिवसभर ओट्यावर पडून येणाऱ्याजाणाऱ्यांवर देखरेख करायची एवढंच त्याचं काम. दुसऱ्या दिवशी गाडी आली. मावशीच्या आळीतली मोकळी कुत्री पळून गेली, बांधलेला मुकादम अलगद सापडला.

मावशीचा फोन आला तेव्हा ती ओरडली नाही. "त्याला नेलं," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

पथकाबरोबर जाणकार म्हणून मलाच पाठवायचं ठरलं होतं. गावात पोचलो तर रस्ते ओस पडलेले. शाळा बंद. माणसं हातात काठ्या घेऊन दूध आणायला निघालेली. पथकातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या चावे झालेल्या रुग्णांची नोंदवही मागितली. कंपाउंडरने वही दिली. वर्षभरात चावे तीन. एक मांजराचा, एक धाकट्या भावाचा, आणि तिसरा कुत्र्याचा, पण तो खेळताना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

मग आम्ही डॉक्टरांच्या खोलीत गेलो. साठीकडे झुकलेला माणूस, शर्टाची एक बाही वर, एक खाली. बाहेर काठ्या घेऊन रांगेत बसलेली शंभरेक माणसं, आत ते एकटे. मी फॉर्मचा गठ्ठा पुढे ठेवला आणि हे सगळे श्वानदंश तुमच्याच सहीचे ना, असं विचारलं. त्यांनी वरचा फॉर्म उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"श्वानदंश कुठला? 'श्वा. बं.' लिहिलंय. श्वास बंद."

मी पुन्हा कागद पाहिला. बच्या पोटातली रेघ ते देतच नव्हते, आणि घाईत खाली एक शेपटी सुटत होती. ती शेपटी मी कुत्र्याला लावली होती.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी नियमावर गेलो. म्हटलं, डॉक्टर, श्वास बंद पडणं हे कारण होत नाही. तो तर मरणाचाच दुसरा शब्द झाला. श्वास सगळ्यांचाच बंद होतो.

"होतो ना," ते म्हणाले. "म्हणजे मी चुकीचं काही लिहिलेलं नाही."

नंतर पेन बाजूला ठेवून त्यांनी शांतपणे सांगितलं. सुरुवातीची दोन वर्षं ते तिन्ही ओळी भरत होते. चांगल्या अक्षरात, मुळापर्यंत. कुणी कधी काही विचारलं नाही. एकदा परीक्षा म्हणून मुद्दाम एक ओळ उलटसुलट लिहून पाहिली, तीही कुणाला दिसली नाही. बाहेर रांग वाढत गेली, ओळी कमी होत गेल्या. शेवटी दोन अक्षरांवर आल्या.

"इतक्या वर्षांत तुमच्या खात्यातून येणारे तुम्ही पहिले," ते म्हणाले. "तेही कुत्र्यांसाठी."

बाई त्याच दुपारी पथक घेऊन परत गेल्या. जाताना मला म्हणाल्या की या एकेचाळीस माणसांची खरी कारणं घेतल्याशिवाय तुम्ही यायचं नाही. हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या, की मला आधी तो निरोपच वाटला.

मावशीकडे उतरण्यावाचून इलाज नव्हता. तिने दार उघडलं, जेवायला वाढलं, आणि हा आकडा कुठल्या गाढवाने काढला असेल, असं सहज विचारलं. मी मान खाली घालून जेवत राहिलो. दुसऱ्या घासालाच तिला कळलं. लहानपणी बरणी फोडली की मी असाच जेवायचो म्हणे. ती म्हणाली, "उद्या सकाळी आधी मुकादमला आणायचं. मेलेल्यांचं नंतर बघ, त्यांना घाई नाही."

गावाबाहेर एका गोदामात शंभरावर कुत्री कोंडली होती. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मुकादम कोपऱ्यात पडला होता, काही खात नव्हता. मी वाकून त्याला उचलायला गेलो. आता त्याच्या अधू डोळ्याला मी कसा दिसलो कोण जाणे, पण तेरा वर्षांत जे त्याने केलं नव्हतं ते केलं. उरलेसुरले सगळे दात माझ्या मनगटात रोवले.

डॉक्टरांनी जखम धुतली, वहीत नोंद केली आणि लस टोचली. लशीला तोटा नव्हता. चार हजार मात्रा माझ्यामुळेच आल्या होत्या, आणि त्यातली पहिली मलाच मिळाली.

पुढचे चार दिवस दवाखाना मिटला की डॉक्टर जुनी कपाटं उघडायचे. केस पेपर निघाले, छातीच्या एक्स-रेच्या काळ्या फिल्मा निघाल्या. डॉक्टर फिल्म दिव्यासमोर धरायचे, मी फॉर्मवरचं नाव वाचायचो. ज्याचा कागद लागत नसे त्याचा पत्ता मावशीला विचारायचो. अख्खं गाव तिच्या तोंडपाठ. कोण कुणाचा कोण, कुठे कामाला होता, किती दिवस अंथरुणाला खिळला, शेवटी काय खायला मागितलं. मी बावीस वर्षांत हजारो माणसांना कोड दिले, पण त्यांच्यातला एकही माणूस मला इतका माहीत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मावशी मला चार घरं सोडून राहणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. त्यांच्या नवऱ्याचे केस पेपर त्यांच्याकडेच होते. पत्र्याच्या डब्यात, नीट घडी घालून ठेवलेले. बाई डबा उघडता उघडता थांबल्या.

"दादा, खरं आहे का? ह्यांच्या कागदावर कुत्रा चावला असं लागलंय?"

मी म्हटलं, चुकून लागलं. दुरुस्त करायलाच आलोय.

"सहा वर्षं खोकत होते ते. शेवटी दोन पायऱ्या चढवत नव्हत्या, बसून झोपायचे. माझ्यासमोर गेले." त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "कुत्रा चावला म्हणे. माझ्या मुलीने विचारलं, आई, तू आम्हाला सांगितलं का नाहीस."

याला पुस्तकात कोड नव्हता. मी डबा घेतला. मावशीने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना म्हणाली, "हा माझाच आहे. सगळं नीट लिहून देईल."

तो माणूस गावाबाहेरच्या खडीच्या क्रशरवर कामाला होता. त्या संध्याकाळी मी यादी पुन्हा पाहिली, मावशी शेजारी बसून नावावर बोट ठेवत गेली. हाही क्रशरवर. हाही. हा आधी तिथेच, मग सोडलं. डॉक्टरांनी फिल्मा एकापाठोपाठ एक दिव्यासमोर धरल्या. सगळ्या छात्यांत तेच पांढरे ठिपके, दगडाच्या धुळीने भरलेली फुप्फुसं. एकेचाळीसपैकी एकोणीस. क्षय सात, हृदयविकार पाच, आणि दहा जणांचं खरंच काही कळलं नाही, तर तसं लिहिलं.

मी डॉक्टरांना विचारलं, हे तुम्हाला आधी माहीत होतं का. त्यांनी फिल्म दिव्यासमोरून खाली घेतली.

"एकेकाचं माहीत होतं," ते म्हणाले. "एकोणीस आहेत हे माहीत नव्हतं. मोजले कुठे होते?"

त्यांनी एकेचाळीस फॉर्म नव्याने भरले. तिन्ही ओळी, सुटं अक्षर. चार घरं पलीकडच्या त्या बाईंना नवा दाखला मी स्वतः नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, मुलीला वाचायला दिला आणि घडी घालून डब्यात ठेवला.

घरी आलो तेव्हा बायकोने मनगटाची पट्टी पाहिली. ती शाळेत शिकवते, तिला फार सांगावं लागत नाही. "समजलं नाही तर विचारायचं असतं, हे मी दुसरीच्या मुलांना सांगते," एवढंच म्हणाली. तेव्हापासून मी फॉर्म परत पाठवायला लागलो. दिवसाला वीस-पंचवीस. आता डॉक्टर मंडळी माझ्या नावाने बोटं मोडतात, आणि माझं काम पाच महिने मागे पडलं आहे.

दुरुस्त तक्ता वर गेला, छापून आला. मला वाटलं आता त्या क्रशरवर कुणीतरी जाईल. फाइल निघाली आहे असं ऐकतो. परवा मात्र तिच्याआधी माझ्या टेबलावर साहेबांच्या सहीचं पत्र आलं. फुप्फुसाचा हा आजार त्या गावात मागील सर्व वर्षांत शून्य असताना यंदा एकदम एकोणीस कसा झाला, ही वाढ आपल्याच शाखेत का झाली, याचा खुलासा तीन दिवसांत विहित नमुन्यात सादर करावा.

तीन दिवसांतले दोन तुम्हाला हे सांगण्यात गेले. बायको म्हणते, हेच जसंच्या तसं लिहून द्या. पण नमुन्यात खुलाशाला चारच ओळी आहेत, आणि पहिली 'महोदय'मध्ये जाते.