आप्पांचा तारा आणि फाट्यावरचा दिवा

अन्याय झाला तो आप्पांवर. मंगळवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. वस्तीच्या फाट्यावर हायमास्ट दिवा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे वाटले आणि आप्पांचं पश्चिमेचं आकाश उजेडात बुडालं. त्यांचा तारा भराला यायला, म्हणजे सगळ्यांत उजळ व्हायला, चारच दिवस उरले होते! पेढा मीही खाल्ला, हे कबूल करतो. पण गिळल्यावर लगेच संतापलो.

आप्पा म्हणजे आमचे शेजारी. प्रत्येक गोष्टीचा रंग ते आकड्यात सांगतात. निळ्यापांढऱ्याला शून्य, लालीकडे जाईल तसा आकडा वर. निमोणे गावी पाहुण्यांनी चहा पुढं केला की कप उजेडाकडं धरून म्हणणार, "एक पॉइंट दोन. दूध कमी हाय." मी भाषण ठोकून खाली उतरलो की, "पुढारी, कान पॉइंट नऊवर गेलेत. पानी प्या."

लग्नाला ते फक्त अक्षता पडेपर्यंत थांबतात. नवरदेवाचं तोंड निरखतात, मान डोलावतात आणि चपला शोधायला लागतात. "आप्पा, जेवून जा की!" "जेवान कवाबी हाय. भर बघितला, झालं. हितनं पुढं उतारच हाय."

हे भराचं वेड यवतकडच्या गुऱ्हाळांतलं. आप्पांनी सारा जन्म गुळव्याचं काम केलं. उसाचा रस काहिलीत उकळतो, त्याचा पाक होतो आणि पाकाच्या रंगावरून गुळव्या ओरडतो, "उतरवा!" जरा आधी ओरडला तर ढेप बसत नाही, जरा उशिरा ओरडला तर गूळ काळा. गुडघे गेले तेव्हा लेकीनं, वंदीनं, कंपनीच्या बोनसमधून त्यांना जुनी दुर्बीण आणि तिला लावायचा कॅमेरा आणून दिला. म्हाताऱ्यानं चंद्र बघावा, एवढीच तिची अपेक्षा. आप्पांनी आठवड्यात चंद्र संपवला आणि फुटणाऱ्या ताऱ्यांवर गेले.

"गुळावानीच हाय की," ते मला म्हणाले. "तारा फुटला म्हंजी उजेड चढत जातो, भराला येतो, मग उतरतो आन् लाल पडत जातो. रंग घ्यायचा तो भराला."

रंग घ्यायचा म्हणजे काय? निळी काच लावून एक फोटो, पिवळट हिरवी लावून दुसरा. दोन्हींत तारा किती उजळ आला ते आसपासच्या ठरलेल्या ताऱ्यांशी ताडायचं आणि एकातून दुसरं वजा करायचं. उरला तो रंग. आप्पा ज्या जातीचे तारे धरतात ते भराला जवळजवळ एकाच रंगाचे असतात, शून्याच्या आसपास. एखादा जास्त लाल आला तर?

"तर तारा बिघडला न्हाई. मधी धूळ हाय. धूळ वजा करायची, मग त्यो खरा किती लांब त्ये कळतंय."

हे सूत्र आप्पा माणसांनाही लावतात. विहीणबाई लाल झाल्या? मधी धूळ हाय. बसमध्ये कंडक्टर खेकसला? धूळ. मी पंचायतीला शिव्या घातल्या की माझ्याही खांद्यावरची नसलेली धूळ झटकतात.

पुण्यात आकाश बघणाऱ्यांचा एक गट आहे. त्याला आप्पांनी पहिला अहवाल पाठवला तेव्हा रंगाच्या रकान्यात लिहिलं, 'काकवीच्या जरा अलीकडं'. तिथल्या मॅडमचा फोन आला. "आप्पा, आकडा हवा हो!" "आकडा देतो, मॅडम. पन काकवी खोडू नका."

तर अशा माणसाचा तारा बुडवला! तारा पश्चिमेला, फाट्याच्या बरोबर वर आणि साडेआठला मावळणारा. मंगळवारचे दोन्ही फोटो पांढरे फटक. बुधवारी मी शिरूरला जाऊन पत्रकं छापून आणली, 'अंधार आमच्या हक्काचा!' गुरुवारी सकाळी पंचायतीत टेबलावर हात आपटला. "हा दिवा कुणी मागितला? कागद दाखवा!"

क्लार्कनं शांतपणे फाईल काढली. एक अर्ज, त्यामागं सात स्मरणपत्रं. सगळ्यांखाली आप्पांची सही.

मी तरातरा आप्पांच्या अंगणात. "तुम्हीच मागितला?"

"व्हय."

"मग मला बोलला का नाही?"

"तू इचारलंस कवा? आधी छापलंस."

वंदी कंपनीच्या बसनं यायची. बस फाट्यावर सात दहाला. तिथून वस्तीपर्यंत उसातली काळीकुट्ट वाट. आप्पा रोज बॅटरी घेऊन फाट्यावर उभे राहायचे. वंदीचं लग्न झालं, ती दौंडला नांदायला गेली. आप्पांचं उभं राहणं थांबलं नाही. मला वाटायचं, तंबाखूला जातात.

"अजून पाच पोरी उतरत्यात," ते म्हणाले. "माजे गुडघे असे. एका दिशी न्हाई जमलं तर? म्हनून दिवा. आता कुनाला उभं ऱ्हायाला नगं."

मग हातातल्या बॅटरीकडं बघून म्हणाले, "पन सात वाजले की पाय निगत्यात."

मी पत्रकं पाठीमागं लपवली.

आप्पांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून दिव्याला टोपी बनवून ठेवली होती. दुपारी वायरमननं ती बसवली. आता उजेड वाटेवर पडतो, वर जात नाही. तरी रात्रीच्या फोटोवर पांढरी झाक आलीच. आप्पा आणि मी शोधायला निघालो. अंगणाअंगणात फोकस, तोंडं आकाशाकडं. सगळ्यांत मोठा फोकस आमच्या घराचा. आप्पांनी माझ्या खांद्यावरची धूळ तेवढी झटकली.

आज शुक्रवार. भर उद्या आहे. पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर हे लिहून घरोघर देतोय. फोकस बंद करू नका, पोरींना वाट दिसली पाहिजे. त्याचं तोंड खाली वाकवा. आत्ता उठा आणि वाकवा. आणि उद्या सातला, पाय फाट्याकडं निघायच्या आत, आप्पांना घरी चहाला बोलवा आणि साडेसातला दुर्बिणीकडं सोडा. ते चहाचा आकडा सांगतील. ऐकून घ्या.